पाठीमागचे चिमटे

समोरून पाहिलंत तर ड्रेस तिच्याच अंगावर बेतलेला.
पाठीमागे सात चिमटे आहेत,
दोरीवरचे, प्लास्टिकचे,
त्यातला एक अजून ओला,
आईच्या पातळावरून काढून आणलेला.
किमतीची चिठ्ठी मानेखाली आत दुमडून टाचलेली:
आठ हजार चारशे.
सोमवारी दुकान उघडायच्या आत परत द्यायचा आहे.

दारूखान्यात जहाजं तोडतात.
तिथल्या एका पत्र्यावर साडेचारला ऊन येतं
आणि गंज पेटतो.
हळद नव्हे, कात नव्हे,
उकळी फुटलेल्या रश्शावरची तर्री.
वीस मिनिटं. मग क्रेनची सावली.
हे मला कुणी शिकवलं नाही.
आठवीत वडिलांचा डबा पोचवायचो
तेव्हापासून माहीत होतं,
फक्त त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं.

कॅमेरा फार नंतर आला.
लग्नाचे फोटो काढणाऱ्या नंदू खोपकरांकडून, हप्त्याने.
भिंगाच्या उजव्या कडेला बुरशी,
तिथे सगळं धुरकट.
म्हणून माझ्या सगळ्या बायका डावीकडे सरकलेल्या असतात.
एका मासिकवालीने त्याला माझी शैली म्हटलं.
मी हो म्हटलं.

निलोफर भायखळ्याच्या पार्लरात
दिवसभर दुसऱ्यांच्या भुवया कोरते.
तिला पोझ येत नाही, मला सांगता येत नाही.
काही करू नकोस, म्हटलं.
शेवटची गिऱ्हाईक पैसे उद्या देते म्हणून निघून जाते,
तेव्हा दाराकडे पाहतेस ना,
तशी पाहा.
तिने पाहिलं.
दिगूच्या हातातला थर्माकोल हलला.
(बंदीच्या आधीचा, मखरातला,
कडेला अजून टिकल्या चिकटलेल्या.
तिच्या गालावर एक सोनेरी कण पडतो.
मी तो पुसत नाही.)

गॅसकटरवाले ज्योत विझवून बिड्या ओढत बसले होते.
कुणी शिट्टी मारली नाही.
एक म्हातारा फक्त म्हणाला,
बाई, तिकडे तेल सांडलंय, जरा पत्र्याकडे सरक.
ती सरकली.

गंज धुऊन जात नाही.
हे दुकानातल्या बाईने सांगितलं,
आईनेही सांगितलं, लिंबू-मीठ चोळून झाल्यावर.
बोटभर डाग, घेराच्या काठाला.
आठ हजार चारशे, चार हप्त्यांत.
वडील काही बोलले नाहीत.
त्यांच्या एकूण एक शर्टावर तोच डाग आहे,
त्याचे पैसे कधी कुणी मागितले नव्हते.

फोटो छापून आला.
पत्रा कापून टाकला होता,
मागे पांढरं केलेलं.
नावात माझा एक काना कमी.
तरी दिगूने पाच प्रती घेतल्या,
एक रद्दीवाल्याला दाखवायला.

ड्रेस घरात कुणालाच होत नव्हता.
आईने तो खिडकीला लावला, उलटा,
दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.
त्याच सात चिमट्यांनी.

आणि काल, चारच्या सुमाराला,
दहा बाय बाराच्या खोलीत
ऊन त्या कापडातून गाळून आलं.
दीड वर्ष मी ज्यासाठी
ट्रेसिंग पेपर, जुनी मच्छरदाणी, शेजाऱ्यांचं धोतर लावून पाहिलं,
तो उजेड
आईच्या कपाळावर, नाकाच्या बाजूला, मेथीच्या जुडीवर.
चिठ्ठी अजून मानेखालीच होती, आता जमिनीच्या बाजूला,
पंख्याच्या वाऱ्याने फडफडत.

आई, हलू नकोस.
ती हललीच. पदर सारखा केला,
फोटोचा चेहरा घातला.
असा नाही, म्हटलं,
भाजीवाला दोन रुपये जास्त लावतो
तेव्हा पाहतेस ना, तशी.

मेथीची काडी हातातच धरून ती म्हणाली,
तेव्हा कशी पाहते मी?